टोपाचा कान

जुबैलला आलो तेव्हा मला एकच वेल्डिंग यायचं,
काडीचं.
गुहागरच्या शेडमध्ये गेटं, खिडक्यांचे गज, होडीचं सुकाणू,
सगळं एकाच होल्डरवर.
काडी खरडायची, चिकटली तर हिसडायची,
वर कवच धरतं ते हातोडीने फोडायचं
आणि मग बघायचं, पदरात काय पडलंय.

बशीर चौगले, दाभोळचा, एकवीस वर्षं इथेच.
म्हणाला, काडी विसरू नको, पण हात हलका कर.
टिगला दोन्ही हात लागतात,
उजव्यात टॉर्च, डाव्यात तार,
आणि श्वास सुईत दोरा ओवताना धरतात तसा.
ठिणगी नाही. आर्गॉन नुसता फुसफुसतो.
पाइपची मुळातली शिवण त्यानेच घालायची,
जी नंतर कुणाला दिसत नाही,
एक्स-रेशिवाय.

मिग म्हणजे घाई.
चाप दाबला की तार आपोआप येते,
फोडणीत जिरं तडतडावं तसा आवाज.
शॉपमधली पोरं दुपारपर्यंत गर्डर संपवतात.
पण बाहेर शमाल सुटला की गॅस उडतो,
जोड निघतो घावनासारखा जाळीदार.
तेव्हा पुन्हा काडीच.
ती वाऱ्याला जुमानत नाही,
दमट हवेला मात्र भिते,
म्हणून कमरेच्या डब्यात तिला ऊबेत ठेवायचं.

यातलं चांगलं कुठलं, असं नव्या पोराने विचारलं
की बशीर आधी ओलं बोट वर धरायचा.

गुरुवारी रात्री मेसच्या टोपाचा कान तुटला.
ॲल्युमिनियमचा टोप, साठ माणसांच्या भाताचा.
आम्ही तिघे सिक्स-जी पास,
आणि मशीन डीसी.
याला एसी लागतो.
वरची साय आतल्या धातूपेक्षा चिवट,
ती आधी फोडावी लागते.
तरी बशीर बसला.

लोखंड लाल होतं, केशरी होतं,
थांब म्हणून सांगतं.
हा सांगत नाही.
राखाडी होता, राखाडीच राहिला,
आणि एकदम खाली ओघळला.
कानाच्या जागी मुठीएवढं भोक.

"नऊ नंबरातला जयवंता असाच,"
बशीर मास्क न काढता म्हणाला.
"जेवायचा, पत्ते खेळायचा, पैसे पाठवायचा."

कुणी काही बोललं नाही.
आचारी सुलेमानने टोप उचलला,
भोकातून आमच्याकडे पाहिलं
आणि विचारलं,
उद्या भात कशात?