पाण्याची पाळी

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ
शोधू नये म्हणतात.
मला पगार त्याचाच मिळतो,
राहणं कंपनीचं,
आणि अख्ख्या सोहारचं मैलापाणी.

रात्री अकराला गुल जमीनचा टँकर येतो
लेबर कॅम्पच्या टाक्या उपसून.
पाइप जोडतो, हात धुतो, पुन्हा धुतो,
विचारतो, आज काय निघालं?

गुरुवारी दुखणं निघतं.
आठवडाभर सळया वाकवलेले खांदे
गुरुवारी रात्री गोळी घेतात,
म्हणजे सुट्टी झोपेत जाते.
शनिवारी माझ्या कागदावर
डायक्लोफिनॅकचा सुळका,
हजरच्या डोंगरासारखा, उघडाबोडका.
रमजानात कॅफिन रात्रीकडे सरकतं.
लोक काय लपवतात ते पाण्याला माहीत असतं,
पाण्याला विचारतं कोण?

टाकीत तपकिरी गाळ खदखदतो, खालून हवा सोडलेली.
वास ओल्या मातीचा, लोक समजतात तसला नाही.
त्यातले जीव पॅरासिटामॉल
शेवग्याच्या शेंगेसारखं चोखून टाकतात.
नवं काही आलं की आधी तोंड फिरवतात,
मग चाळीस-पन्नास दिवस राहू दिलं टाकीत
की कडूही चालतं.
मीही पहिलं वर्षभर खबूस खात नव्हतो.

मग पडदे. शेवयांसारखे पांढरे पोकळ धागे,
हजारोंनी लोंबणारे.
पंप पाणी आत ओढतो,
जंतू बाहेर, गाळ बाहेर.
पण विरघळलेल्या औषधाला ती भोकं म्हणजे
मुंगीला किल्ल्याचा दरवाजा.

एक नाव रोज सहीसलामत पार होतं.
कार्बामाझेपिन.
येताना तीनशे नॅनोग्राम, जाताना तीनशे.
दोनशे लिटरच्या पिंपात
मिठाचा एक कण टाका, तेवढं.
जीव त्याला तोंड लावत नाहीत,
गाळ त्याला धरून ठेवत नाही.
रय्या मकबाली, आमची लॅबप्रमुख,
त्याला मुसाफिर म्हणते.

तिचे आजोबा गावात फलजचं पाणी वाटायचे,
तारा डोंगराआड गेला
की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू.
घोट घेऊन सांगायचे म्हणे
वरच्या अंगाला कुणी शेळी धुतली.
तिला ओझोन हवाय, कोळशाचा थर हवाय.
फाइल तीन वर्षं मस्कतला आहे.

आकडीचं औषध आहे ते.
व्हिसाच्या मेडिकलमध्ये
त्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं.
आई मिरजेहून पाठवते,
शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात, तळाशी,
सहा महिन्यांचं.
सकाळी एक, रात्री एक.
आमच्या खोल्या प्लांटच्या मागेच,
संडासाचा पाइप कुठे जातो
मला विचारा.

परवा रय्या आलेखावर बोट ठेवून म्हणाली,
कोण असतील हे लोक?
तुझ्या ओळखीचं कुणी?
मी म्हणालो, नाही.
दुसऱ्यांदा तोच शब्द.
ती बोट उचलायला जरा जास्तच वेळ लावते
असं मला वाटलं. नसेलही.

पहाटे चारला मी व्हॉल्व्ह उघडतो.
काळ्या नळ्यांतून पाणी निघतं
रस्त्याकडेच्या खजुरींकडे,
चारशे झाडं, ओळीनं.
माझ्या गोळीतलं थोडं पानांत चढत असेल.
वाऱ्यात झाडं थरथरतात, मग थांबतात.
मी उगाच मोजतो, किती वेळ थरथरली.

आज बोर्डावर नवा आदेश आहे:
टाकीवरच्या जाळीवर रात्रपाळीत
कुणी एकट्यानं जायचं नाही.
कारण लिहिलेलं नाही.
खाली सही रय्याची.

गुल जमीननं टँकर बंद केला,
हात धुतले, पुन्हा धुतले,
आणि काही न विचारता
माझ्या मागून शिडी चढू लागला.