भाकरीनंतरची ओळ

शिवना नदीच्या अलीकडं आमचं चर्च, पत्र्याचं.
घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा.
फादर यायचे गंगापूरहून, राजदूतवर, एकाआड एक रविवारी.
मधले सगळे दिवस शांतवन मास्तरांचे.

मास्तरांचा एक पाय आखूड, शिक्षण सहावीपर्यंत,
पण आज्ञा दहाच्या दहा
बैलांना हाका माराव्यात तशा सांगायचे, नावानिशी,
कोणती नीट ओढते, कोणती बसकण मारते ते ओळखून.

पहिल्या परमप्रसादाच्या तयारीला आम्ही सात पोरं.
पोत्यावर बसून पाठ करायचो
पाप म्हणजे काय, कृपा म्हणजे काय,
आणि बाहेरून कापसाची गाडी गेली की उत्तर विसरायचो.

प्रभूची प्रार्थना मला घरूनच येत होती.
माय म्हणायची रोज, चुलीपुढं, पदर घेऊन.
वेचणीतही तिची माळ चालूच :
दहा बोंडं झाली की एक लांब श्वास,
मग पुन्हा दहा.
मी मास्तरांपुढं धडाधड म्हणून दाखवली.
मास्तर म्हणाले, "एक ओळ गाळलीस, लेकरा.
भाकरीनंतरची."

मी म्हटलं, आमच्या घरी अशीच आहे.

त्या रात्री कान देऊन ऐकलं.
भाकरी मागून झाली, आणि माय
फुंकणी घेऊन चूल फुंकायला लागली.
जाळ तर चांगला लागलेला होता.
धूर निवळला तेव्हा प्रार्थना
मोहापर्यंत पोचली होती.

पलीकडच्या दारात एस्तेरकाकू.
भिंत एकच, आणि तीन वर्षं बोलणं नाही.
कारण एक शेळी. गाभण.
तिनं आमच्या वाळत घातलेल्या कुरडयांत तोंड घातलं,
मायनं हातात होतं ते फेकलं.
हातात वरवंटा होता.

मी मास्तरांना विचारलं, ओळ गाळली तर पाप लागतं का?
ते कितीतरी वेळ बोटांवरचा खडू पुसत राहिले.
"मलाबी तिथंच अडतं," म्हणाले.
"वीस वर्षं झाली शिकवतोय. रोज म्हणतो.
तोंडातून जाती, खाली उतरत नाही.
तू म्हणत जा. निदान तिची जागा राख,
पंगतीत उशिरा येणाऱ्याचं पान मांडून ठेवतात तशी."

पांढऱ्या फ्रॉकमध्ये मी परमप्रसाद घेतला,
दात न लावता. टाळूला चिकटला, रडू आलं.
माय पहिल्या रांगेत, काकू शेवटच्या.
वाटलं होतं, आज काहीतरी होईल.
काही झालं नाही. बुंदी वाटली गेली,
दोन घरांत वेगवेगळी.

झालं ते फार पुढं, एका उपवासकाळात,
काकूचं अर्धं अंग गेल्यावर.
माय ज्वारीची आंबील घेऊन गेली,
चमच्याचमच्यानं भरवली, हनुवटीवरचा ओघळ पदरानं टिपला.
मी उंबऱ्यात. दोघी गप्प.
मग मायनं प्रार्थना सुरू केली
आणि भाकरीपाशी थांबली.
तिथं फुंकायला चूल नव्हती.

इतक्या वर्षांत ओळ पाठच राहिली नव्हती तिला.
आधी आपली क्षमा की त्यांची, गोंधळली, उलटी म्हणाली.
काकूनं वाकड्या तोंडानं दुरुस्त केली, शब्दाशब्दाला लाळ,
आणि आमेनच्या जागी स्वच्छ म्हणाली,
"दोन करडं व्हती पोटात."
"ठावं हाय मला," माय म्हणाली,
आणि वाटीत उरलेली आंबील
पुन्हा ढवळू लागली.

आता पत्र्याखाली मी शिकवते.
रूळ चोरीला गेला, आम्ही ताट वाजवतो.
परवा सालोमी खंडागळे, वय नऊ, मला विचारते,
"बाई, हीच ओळ एवढी लांब कामून?"

वाळूजला माझा भाऊ राहतो.
मायच्या मातीला तो उशिरा आला, आणि लवकर गेला.

मी फळ्याकडं वळते.
हातात खडू नाही, तरी
बोटं पुसत राहते.