कारा-बाल्टा, घाटाच्या अलीकडे

होंडा आली ती लंगडतच.
ओशला जाणारी, सात उतारू, टपावर गाद्या बांधलेल्या,
आणि पुढे तोओ-आशू, तीन हजार मीटरांवरचा.
कुबातनं काच खाली केली.
"बुरुलाय, पेट्रोल भिकार झालंय हल्ली."
सगळे आधी पेट्रोललाच शिव्या देतात.
मी म्हटलं, बंद करू नकोस, ऐकू दे.

चौघांनी कपाट उचलावं
आणि एकानं नुसताच हात लावून चालावं,
तसा आवाज.
मागे कच्च्या पेट्रोलचा वास,
पुढे काचेआड पिवळा दिवा, उघडझाप करणारा.

स्कॅनर म्हणतो, दोन नंबर पेटत नाही.
का पेटत नाही, ते विचारू नये त्याला.

माझ्या बापाकडे स्कॅनर नव्हता.
चालत्या इंजिनावर वाकून
तो एकेका कॉइलची वायर उपसायचा
आणि डोळे मिटायचा.
"जिची काढल्यावर इंजिन कण्हतं, ती कामाची.
जिची काढून काहीच फरक पडत नाही,
तिथं शोध."

मीही तसंच केलं.
एक. इंजिन दचकलं. परत लावली.
तीन. दचकलं.
चार. बंदच पडत होतं.
दोन.
तीच थरथर. तोच ताल.

मागच्या सीटवरचा एक जण केव्हा उतरून
माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला, कळलं नाही.
अकरा वर्षं मॉस्कोत, हे कुबातनं नंतर सांगितलं.
"पुन्हा दाखवता?"
मी दोन नंबर पुन्हा काढली.
काही नाही.
"आम्ही चौघे भाऊ," तो म्हणाला, "मी दुसरा."

यावर काय बोलायचं असतं, मला माहीत नाही.
मी म्हटलं, तो दहाचा पाना द्या.

आणि तसंही, एवढ्या पुराव्यावर फाशी देत नाहीत.
गाडी बंद. दोनची कॉइल चारमध्ये, चारची दोनमध्ये.
कोड पुसला, चावी फिरवली.
खोट कॉइलसोबत गेली तर कॉइलची,
जागेवरच राहिली तर जागेची:
प्लग बघा, इंजेक्टर बघा, आणखी खाली बघा.
तो माझ्यापेक्षा जास्त टक लावून बघत होता.

स्कॅनर म्हणाला, चार.

"म्हणजे कॉइलच," तो म्हणाला,
आणि हसला, कुणी हसू नये तसा.

मी ती उपसून दिव्याखाली धरली.
रबर फुगलेलं, मऊ पडलेलं.
बाजूला केसाएवढी पांढरी रेघ,
तिथून ठिणगी प्लगला न जाता
भलतीकडेच पळत होती.
आणि सगळं तेलानं माखलेलं.
दोनच्या खड्ड्यात टॉर्च मारला:
प्लग दिसेना. काळं तेल, बोटभर.
वरचं सील कधीचं कडक होऊन गेलेलं.

"कॉइल वाईट नव्हती," मी म्हटलं,
"बुडवून ठेवली होती तिला."
हे मी कुबातला सांगत होते.
नवी घातली तरी वर्षभरात हीच गत,
सील बदलल्याशिवाय.

कुबातनं घड्याळ दाखवलं, उतारू दाखवले, घाट दाखवला.
मी झाकणाचे बोल्ट सोडायला घेतले.

दीड तास गेला.
उतारूंनी कलिंगड कापलं.
तो टॉर्च धरून उभा, हात जराही हलला नाही.
चिंधीनं खड्डा कोरडा केला, प्लग बदलला,
सील बसवलं, रबरात बोटभर ग्रीस,
भंगारातल्या गाडीची, पण धडधाकट कॉइल
खाली दाबली, बसल्याचं हाताला कळेपर्यंत.
बोल्ट हातानंच. जोर काढायची जागा नाही ती.

मग चावी.
चौघांनी कपाट उचललं.

"एकदा काढा ना," तो म्हणाला. "दोन नंबर."
काही कारण नव्हतं. मी काढली.
इंजिन असं कळवळलं
की कुबात आतून ओरडला.
पटकन लावली परत.

पैसे कुबातनं दिले, दोनशे सोम कमी.
मी सांगितलं, ओशला पोचल्यावर तेल तपास.
तो हो म्हणाला, म्हणजे तपासणार नाही.

गाडी पुलापर्यंत नीट ऐकू येत होती,
एक, दोन, तीन, चार,
पुढे नदीचाच आवाज.