शेरा

मुरबाडला चिंचेखाली सरकारनं घोडा बांधला
त्या पौषात मी कचेरीत दुय्यम कारकून,
पगार बारा रुपये, अक्षर वळणदार,
म्हणून घोड्याची वही माझ्याकडे.

घोडा अरबी. आगबोटीनं आला, मग आगगाडीनं कल्याण,
तिथून पुढं रात्री चालत, उन्हाचा त्याला त्रास.
हरभरा रोज चार शेर, जव दोन शेर
(आमच्या घरी तेव्हा नाचणी).
खुरावर आकडा डागलेला. नाव नव्हतं,
निदान वहीत नव्हतं.
मोतद्दार झुल्फिकार रात्री त्याला काहीतरी म्हणून हाक मारायचा.
मी विचारलं नाही, तसा रकाना नव्हता.

दवंडी म्हसेच्या जत्रेपर्यंत गेली :
ज्याची घोडी असेल त्यानं आणावी,
फी नाही,
मात्र घोडी तेरा मुठींच्या खाली नसावी.

तेरा मुठी!
आमच्याकडच्या घोड्या भाताच्या गोण्यांखाली वाढलेल्या,
नाणेघाटाच्या दगडांवर झिजलेल्या.
गवताचे भारे लादले की घोडी दिसायचीच नाही,
गवतच आपलं चालत निघायचं कल्याणच्या स्टेशनाकडे,
मुंबईच्या तबेल्यांतल्या उंच घोड्यांसाठी.

पहिल्या दिवशी अकरा आल्या. मी गज लावला.
साडेअकरा. बारा. पावणेबारा. अकरा आणि दोन बोटं.
'नामंजूर' इतक्यांदा लिहिलं
की पुढं बोरू आपणच लिहू लागला.
घोडा मान उंच करून वारा हुंगायचा,
टाप आपटायचा,
आणि संध्याकाळी पुन्हा हरभरा.
सात आठवड्यांत जवळजवळ पाच मण,
आणि घोडी एकही नाही.

वरून पत्र आलं : आकडे निरंक का? लोक उदासीन का?
उत्तर मी तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.

मग चाहू बांगर आली.
तिचा नवरा घाटात दरीत गेला होता,
घोडी तेवढी गोण्यांसकट घरी परतली, तीच ही.
खापरी. खापराच्याच रंगाची,
पाठीवर खोगिराचे दोन पांढरे वण.
चाहूनं तिला नेमकी चिंचेच्या मुळावर चढवली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोजा."
झुल्फिकार शेंगा मोजत असल्यासारखा वर बघू लागला.
मी गज मातीत टेकवला, मुळावर नाही.
वहीत लिहिलं, तेरा.
माझ्या नोकरीतलं हे एकच खोटं,
असं मी सांगतो. बाकीची लहान होती.

त्या दुपारचं जे काय, त्याला एक तारीख पुरली.

माघात शिंगरू झालं, नुसते पायच पाय.
आईला प्यायचं तर गुडघे मोडून, फाकून उभं राहायचं.
चाहू म्हणाली, "यावर गोणी चढवायची तर शिडी आणू काय?"
खरंच, घाटात ते जागोजाग अडायचं,
दगडाच्या पायरीवर त्याचा पाय आधी घाबरायचा, मग ते.
आणि खाणं दोघींचं.

अरबी घोडा तोवर गेला होता.
दुसऱ्या पावसात त्याचे खूर नरम पडले, सडले.
अहवालात आलं, हा तालुका पैदाशीस अनुकूल नाही.

तीन वर्षांनी रिसाल्याचे साहेब आले,
दात बघितले, एकशे दहा रुपये दिले.
चाहूनं पैसे दोनदा मोजले, पदरात बांधले,
मग विचारलं, "तिकडं खातो काय तो?"
म्हटलं, गवत. बहुधा इकडचंच.
ती थोडा वेळ गप्प.
"लांब्या म्हणतात त्याला," ती म्हणाली, "लिहा."

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद होता,
त्यात 'सरकारजमा' आधीच लिहून झालेलं.
मी रेघेबाहेर, समासात लिहिलं,
बारीक, वाळूही न टाकता.

वही मिटली तेव्हा ओलं होतं.
समोरच्या पानावर त्याचा उलटा ठसा उठला असणार.
मी उघडून पाहिलं नाही.
बाहेर खापरीवर भारे चढत होते.