साचा

मल्लिनाथ म्हणाला, अक्का, तासाभराचं काम हाय.
म्हणाला सकाळी नऊला.

साखर पेठेतला मे महिना.
शटर अर्धं ओढलेलं, तरी पत्र्याच्या भोकातून
एक उन्हाचा रुपया बरोबर मॉनिटरवर.

एकतीस टक्के.
खाली लिहिलंय, कृपया संगणक बंद करू नका.
हे लाइटवाल्यांना कोण सांगणार?
यूपीएस अकरा मिनिटं टिकतो, मी मोजलीयेत.
एकतीसवरच बसून राहिला तो दुपारपर्यंत.
मी कडक भाकरी मोडली, शेंगाचटणी घेतली,
कीबोर्डवर चुरा नको म्हणून
दारात बसून खाल्ली.

मग उठला, आणि म्हणाला, नमस्कार.
मराठीत!
चौदा वर्षं आधीच्यासमोर बसले,
त्यानं कधी साधं ‘या’ म्हटलं नव्हतं.

आता प्रश्न.
तुम्ही कुठे आहात ते कळू द्याल?
पिठाच्या गिरणीला लागून, म्हटलं मनात. हो दाबलं.
तुम्ही काय लिहिता ते शिकू का?
शीक की.

डाव्या कोपऱ्यातलं बटण मध्ये येऊन बसलंय.
हात कोपऱ्यातच जातो,
तिथं काही नाही.

तेवढ्यात तिरुपती बोल्ली आला. वय बावीस-तेवीस,
चपला बाहेर काढून.
मोबाइलमध्ये वडलांचा फोटो, उद्या दहावा.
मी फोल्डर उघडलं: लग्न, ओटीभरण, वास्तुशांती,
आणि ‘दहावा नमुना फायनल दोन’.

कैलासवासी होतं तिथं
कंस, डॉलर, एक सुटा काना,
पुन्हा डॉलर.
रफार कुठंच नाही.
मल्लिनाथनं जुना फाँट टाकून बघितला,
नव्यानं ओळख दाखवली नाही.

त्या एका साच्यातून किती गेले!
विडी वळणाऱ्या गेल्या, मागवाले गेले,
एक बँकेचे साहेब गेले,
सगळे मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ.
जुनं नाव खोडायचं, नवं घालायचं,
फोटो गोल कापायचा.
सात मिनिटं. दीडशे रुपये.

साचा गेला रे, म्हटलं. पहिल्यापासून लिहावं लागतंय.
म्हणजे... कसे होते ते?

हे मी आजवर कुणालाच विचारलं नव्हतं.

तो मोबाइलकडं बघत बसला.
मल्लिनाथनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.
मग तिरुपती म्हणाला,
रात्रपाळीवरनं यायचे ना,
तर दाराची कडी बोटानं धरून, सावकाश लावायचे.
आमची झोप मोडू नये म्हणून.
कान गेले होते मागाच्या आवाजानं.
त्यांना वाटायचं कडी वाजली नाही.
वाजायची हो.
आम्ही जागेच असायचो.

हे लिहू?

लिवा की.

नव्या कीबोर्डवर ‘ळ’ सापडेना.
रात्रपा- इथंच अडकले.
शिफ्ट धरा, एल दाबा, तिरुपती म्हणाला,
आणि माझ्या खांद्यावरनं वाकून स्वतःच दाबलं.
रात्रपाळी.
पुढचा शब्द संगणकानं सुचवला: भत्ता.
नको, म्हटलं.

मजकूर लांबला, फोटो लहान करावा लागला.
चाळीस मिनिटं गेली, आणि मग
पंखा मंद होत थांबला,
झेरॉक्सचा दिवा गेला,
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प.

यूपीएस ओरडायला लागला.
अकरा मिनिटं.

सेव्ह करायला गेले, तर विचारतो, नाव?
बोटं ‘नमुना’ लिहायला निघाली होती,
‘न’ उमटलासुद्धा.
खोडला.
यादगिरी बोल्ली, असं लिहिलं.

अक्का, मल्लिनाथ म्हणाला,
बॅटरी पण बदलायला झालीया.