महाशय

चार्ल्सटन. सुनावणीचा तिसरा दिवस.
वीज कंपनीचे सात वकील,
ग्राहकांच्या बाजूला सरकारनं बसवलेली मी एकटी,
आणि गळकं पेन.

साक्षीदार म्हणतो, दरवाढ किरकोळ आहे,
सरासरी घराला महिना अठरा डॉलर.
मी विचारते, ही सरासरी राहते कुठे?

व्हर्ना टकेट मिंगो काउंटीत राहते.
पेन्सिलीनं लिहिलंय तिनं:
मागची खोली नोव्हेंबरातच बंद केली,
ह्यांचं ऑक्सिजनचं यंत्र तेवढं बंद करता येत नाही.

तिनं मला नेमलेलं नाही.
पत्रावर नुसतं 'महाशय'.

निकाल लागला: अठराचे अकरा.
ऑफिसात कुणीतरी केक आणला.
मी उत्तर लिहायला बसले,
'सात डॉलर वाचले' एवढं लिहून
पेन पुसत राहिले.
मागच्या खोलीचं
काय लिहू?