तिसरी गाय

दरवर्षी तेरा जुलैला
आम्ही बारेतूसची माणसं तीन गाई हाकत खिंडीत जातो.
पलीकडून रोंकालवाले येतात, काळे झगे, पांढऱ्या कॉलरी,
आणि त्यांचा ढोरवैद्य.

सहाशे वर्षांपूर्वी पाण्यावरून जुंपली, म्हणतात.
कुणाची गुरं आधी प्यायची, एवढंच.
मेलेल्यांची नावं आता कुणालाच येत नाहीत.
गाई मात्र ठरल्याप्रमाणे चढतात.

यंदाची तिसरी माझी. ब्रुनेत.
दोन वर्षांची, करारात लिहिल्यासारखी :
तिघींचा एक रंग, एक शिंगं, अंगात खोड नाही.
(आहे. अनोळखी टोप्या चघळते.
मी बोलले नाही.)

एनेको वैद्य तिचे दात बघतो, खूर उचलतो,
आणि वाकतो, तेवढ्यात टोपी गेली.
दोन्ही देशांचे शिपाई हसतात.
तो ओली टोपी झटकतो. म्हणतो, "चालेल."

मग सीमेच्या दगडावर हातावर हात.
त्यांचा, आमचा, त्यांचा,
माझा, शेणाचा वास न गेलेला.
"यापुढे शांतता." तीनदा.
माझ्या खालचा हात थरथरतो,
म्हातारा आहे. त्याच्याही बोटांना दोराचे घट्टे.
मी माझा भार जरा उचलून धरते.

जेवणं झाली. मटणाला मीठ कमी होतं,
ते दरवर्षी असतं, दरवर्षी कुणीतरी बोलतं.

उतरताना हातात नुसता दोर.
वळून पाहिलं :
ब्रुनेत त्यांच्या गुरांत घुसून
सगळ्यांच्या आधी पाणी पीत होती.
कुणी हटकलं नाही.